नाल्याकाठचा प्लॉट

मोजणीखात्यातली नोकरी सुटल्यावर मी जमिनीबद्दल सल्ला देत असे. मालेगावच्या एका शेठजींनी शेताचे प्लॉट पाडले, तेव्हा मी बजावलं होतं, "नाल्याकाठचे विकू नका, पावसाळ्यात तिथं पानी भरते." फी मागितली की ते हसत, "नुसत्या बोलन्याचे कायले पैसे?"

वर्षभर हेलपाटे घातले. शेवटी चिडून थेट शेतावरच गेलो. शेठजी नाल्याकाठचाच प्लॉट एका शिंप्याला दाखवत होते. मला पाहताच त्यांनी मुकाट्यानं सगळी फी माझ्या हातावर ठेवली.

शिंप्यानं विचारलं, "जागा कशी हाये, साहेब?"

"मी फुकट सल्ला कोनालेच देत नाही," असं फणकाऱ्यानं म्हणून मी निघालो.

पुढच्या पावसाळ्यात त्याचं शिलाई मशीन गुडघाभर पाण्यात उभं होतं.