ढाळ आणि झेंडूचं फूल

पाईपला ढाळ कमी पडला की सगळं मधेच साचतं. माझं डोकंही तसंच असावं. आयुष्यभर लोकांचे संडास दुरुस्त केले, त्यातलं काहीच डोक्यातून पुढे सरकलं नाही!

रायपूर राजधानी झालं, भाडेकरू आले, आणि जुन्या घरांतही घाईघाईने आत संडास बसले. पाईप कसा जाईल ते नंतर पाहू! ते ‘नंतर’ मी आणि माझा जोडीदार दुकालू मिस्त्री पाहायचो. दुकालू छत्तीसगढी. तो बोलायचा, मी खोदायचो.

*

तात्यापारा या मराठी वस्तीत एका भाऊंच्या घराच्या दर्शनी भिंतीवर आम्ही ढाळ देऊन पाईप बसवला.

“काहून वाकडा लावून राहिले? दिवाळीत पाहुणे येतात, काय म्हणतील?”

आमच्या मागे त्यांनी तो सरळ करून घेतला. अर्थात तुंबला. पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच, “पाहुणे काय म्हणतील?”

दुकालू शांतपणे म्हणाला, “त भैया, देवारी म पहुना मन संडास नइ जावँय का?”

*

भनपुरीच्या एका ट्रकमालकाने महाराजांना विचारून संडासाची जागा बदलली. चेंबर जुन्याच जागी. पाईप निघाला चढावर!

“महाराज बोले, यही दिशा शुभ है.”

दुकालू म्हणाला, “हव मालिक. पानी ला घलो बता देव.” पाण्यालाही सांगून ठेवा म्हणे!

*

काम झालं की आम्ही सीटमध्ये झेंडूचं फूल टाकून बादलीभर पाणी ओतायचो. एकाने बाहेर चेंबरपाशी उभं राहायचं. फूल आलं, म्हणजे काम पास.

एकदा मी पिवळं टाकलं. बाहेरून दुकालू ओरडला, “आ गे!” जाऊन पाहतो तर केशरी! शेजारच्या घरचा मिस्त्रीही तेव्हाच तपासणी करून राहिला होता. चेंबर दोघांचं एकच. आमचं पिवळं आलंच नाही. पुन्हा फरशी फोडली.

*

ब्राह्मणपाऱ्यातल्या एक काकू एकट्या राहायच्या. गुडघे गेलेले, म्हणून मुलाने, विजयने, खोलीलगत संडास बांधून दिला. तो सारखा तुंबायचा. विजय त्यांना नव्या रायपूरच्या फ्लॅटवर न्यायला टपलेला.

“आई, इस बार भी नहीं हुआ तो चलना पड़ेगा.”

“येईन,” काकू म्हणाल्या. मग हळूच मला, “मी दुपारनंतर पाणीच पीत नाही, भाऊ. पाणी प्यालं की जावं लागते, गेलं की तुंबते, तुंबलं की हा येते न्यायले.”

सीट उचलून पायरी केली असती तर ढाळ सहज मिळाला असता. पण त्या गुडघ्यांनी त्यांना पायरी चढता आली नसती. आम्ही सगळी फरशी फोडली, चेंबर खोल केलं, पाईप नव्याने टाकला.

तपासणीला विजय स्वतः चेंबरपाशी उभा राहिला. मी पिवळं फूल टाकलं, पाणी ओतलं. काकू दाराला धरून उभ्या.

“आया क्या?” दुकालूने विचारलं.

“नहीं.”

काकूंनी डोळे मिटले.

“आया!”

दुकालूने त्यांना केशरी फुलाचा किस्सा सकाळीच सांगितला होता. त्यांनी विचारलं, “कोणत्या रंगाचं?”

“पीला, आई. अपना ही है.”

काकू हळूहळू माठापाशी गेल्या. फुलपात्र भरलं, उभ्याउभ्याच संपवलं. पुन्हा भरलं, तेही संपवलं. पदराने तोंड पुसलं.

“विजय, चहा पिऊन जाशील न?”