वडिलांच्या नावाचा रकाना

दीपमाला अन् मी, दामिनी, अमरावतीच्या एका लहानशा कंपनीत सहा वर्षांपासून शेजारी बसून जावा या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहितो. पोरगी अशी काटेकोर की ऑटोवाल्यालेही पत्ता दोनदा सांगते. चांदूर बाजारहून आली तेव्हा वसतिगृहात जागा मिळाली म्हणून शिकू शकली. त्यामुळं एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचा ऑनलाइन फॉर्म आमच्याकडे आला, तेव्हा तिनं त्याले दुसऱ्या कोणाले हात लावू दिला नाही.

फॉर्मात आपल्याकडे असतात तसे तीन रकाने: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. प्रत्येकावर तिनं अ‍ॅनोटेशन लावलं, म्हणजे रकान्याच्या डोक्यावर एका ओळीचा नियम. रिकामा चालणार नाही. फक्त अक्षरं, एकच शब्द, मधे जागा नको. तपासलं मीच. मलेही काही खटकलं नाही, खोटं कायले बोलू.

शेवटच्या दिवशी फॉर्म पाचले बंद होणार होता. साडेचार वाजता फॉर्मावर दिलेल्या आमच्या मदतीच्या नंबरवर अकोल्याहून फोन आला.

"दीदी, मी कहकशाँ. अब्बूचं नावच घेऊन नाही राहिला फॉर्म. चुकीचं आहे म्हणते."

"काय नाव?" दीपमालेनं विचारलं.

"अब्दुल रहीम."

दीपमालेचा चेहरा पांढराफटक पडला. दोन शब्द. तिचे वडील नागसेन, माहे खुशालराव. साऱ्या जगाचे बाप एका शब्दाचे, असं आमी धरूनच चाललो होतो. नियम बदलायले दोन मिनिटं लागली, पण सर्व्हर बंद करून पुन्हा चालू होईस्तोवर जीव नुसता टांगणीले. पोरीले म्हटलं, फोन ठेवू नको. चार पन्नासले तिचा फॉर्म गेला एकदाचा.

"झालं बाप्पा," मी म्हटलं. "चाल, चहा घेऊ."

ती उठली नाही. सर्व्हरवरची नोंद उघडून बसली होती. पंधरा दिवसांत 'वडिलांचे नाव चुकीचे' म्हणून एकशे बारा वेळा फॉर्म परत पाठवला होता. किती पोरी असतील, कोणाले ठाऊक.

"त्यायचे फोन नंबर काढ न," मी म्हटलं.

"कुठून काढू? नियमात न बसलेला फॉर्म जतनच होत नाही. ते मीच तसं केलं."

पाचले सात मिनिटं होती. तिनं संस्थेच्या साहेबाले फोन लावला, सारं खरं सांगितलं, तारीख वाढवा म्हणाली.

"एकच तक्रार होती न, ती मिटली," साहेब म्हणाले. "बाकी कोण पोरी राहिल्या? नावं सांगा."

दीपमालेजवळ एकही नाव नव्हतं.