गेटचा भाग काढून टाका

नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी नवीन पनवेलच्या एका सोसायटीत भाड्याने राहत होते. खोलीत जोडीला एक मैत्रीण होती. ती उरणच्या कोळीवाड्यातली, न्हावा शेव्याला कंटेनर यार्डच्या ऑफिसात कामाला. तिची आई मासे विकायची.

एकदा ही आई लेकीसाठी कोलंबी घेऊन आली. सोसायटीत मासेवाल्यांना मनाई होती. वॉचमनने टोपली पाहिली आणि तिला गेटवरच अडवलं. मी संध्याकाळी ऑफिसातून परतले तेव्हा ती बाहेर फुटपाथवर, पदराने टोपली झाकून बसली होती. माझी पाहुणी म्हणून वर आल्यावर पाणी प्यायली आणि म्हणाली, "त्याचा काय दोष हाय? त्याला सांगतील तसा तो करनार."

मैत्रिणीने हे ऐकलं. आठवडाभरात तिने एक एकपात्री लिहिलं, आईवर, आईच्याच बोलीत. सोसायटीच्या गणपतीत रहिवाशांचा कार्यक्रम असायचा, त्यात तिने नाव दिलं. तालमीला बायका आधी खूप हसल्या. गेटचा प्रसंग आला तशी एकेक जण शांत झाली. तळमजल्यावरच्या काकूंनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आमच्या दारात. "छान लिहिलंयस बेटा. फक्त तो गेटचा भाग काढून टाक. उगाच लोकांना लागतं."

तिने तो काढला. मग निरोप आला की गणपतीपुढे मासळीचा विषय नको. तिने मासळीही काढली. शेवटी कमिटीतल्या एक बाई म्हणाल्या, "जरा शुद्ध मराठीत कर ना. मुलं ऐकायला असतात."

त्या रात्री ती जेवली नाही. "आता ह्यात आई कुठे राहिली?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, सोडून दे, नाव मागे घे. पण तिने आईला आमंत्रण देऊन ठेवलं होतं. शुद्ध तर शुद्ध, आई समोर बसलेली असेल, ती म्हणाली.

कार्यक्रमाला आई उरणहून एसटीने आली. लग्नकार्यातली साडी, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. या वेळी हातात टोपली नव्हती, म्हणून कुणी अडवलं नाही. मी तिला दुसऱ्या रांगेत बसवलं. लेक पडद्यामागे कोळणीसारखं लुगडं नेसून तयार होती. छोट्यांचा नाच झाला, मग अंताक्षरी, मग बक्षीस समारंभ, आणि लगेच सेक्रेटरींनी आभार मानायला सुरुवात केली. मी मागे धावले. ती तशीच उभी होती.

"वेळ नाही उरला म्हणाले," ती म्हणाली.

आम्ही तिघी वर आलो. लुगडं बदलायला ती आत निघाली, तर आईने थांबवलं. "माज्यासाठी म्हन. तुजा होता तसा म्हन."

तिने म्हटलं. सगळं, गेटसकट. आई कॉटवर बसून ऐकत होती, मांडीवरचे हात न हलवता. संपल्यावर लेकीला जवळ ओढून म्हणाली, "सोन्यासारखा लिवलंस. पन कुनाला सांगू नको, बाय. तुला इथं ऱ्हावाचा हाय."

तेव्हा ती रडली. सेक्रेटरी आले तेव्हा रडली नव्हती, पडद्यामागे नव्हती.

तिला इथे राहूही दिलं नाही. मुदत संपल्यावर मालकाने करार पुढे वाढवला नाही. आपल्याला फॅमिली हवी, एवढंच त्याचं कारण. मी पनवेल गावात खोली बघितली, ती उरणला परत गेली. पुढे तिचं लग्न झालं, ऑफिसात बढती मिळाली. लिहिणं मात्र तिथेच थांबलं.

काही वर्षांनी तिची आई गेली. मी भेटायला गेले. पाहुणे पांगल्यावर मी विचारलं, ते एकपात्री अजून म्हणता येतं का तुला?

तिने सुरुवात केली. दोन वाक्यं झाली आणि थांबली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली.

"शब्द आठवतात गं," ती म्हणाली. "पण आईसारखं तोंडात येत नाही. ऑफिसात, घरी, सगळीकडे नीट बोलायची सवय लावून घेतली मी."

मग तिने कमिटीने सांगितल्याप्रमाणे, शुद्ध मराठीत, ते शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. एकही चूक झाली नाही. मला ते ऐकवेना.