चप्पल बाहेर काढून

बाभुळगावात माझ्या दुकानाला लागून एका मित्राचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो तो क्लाउडवर ठेवतो, प्रत्येक गावाची वेगळी बकेट, म्हणजे फोटोंची पेटी. ती वेबसाइट उघडण्याआधी चप्पल दाराबाहेर काढतो. मी हसलो की म्हणतो, "खळ्यात चप्पल घालून जाते का कोनी? लोकाइचा माल आहे थो."

परवा तो घरात जेवत होता. फुलसावंगीची एक बाई आली. वडील नुकतेच वारलेले. तिच्या लग्नातला त्यांचा फोटो हवा होता. वेबसाइट उघडीच होती. मी शहाणपणा करून बुटासकट खुर्चीत बसलो आणि डाउनलोड करायच्या नादात त्या लग्नाचं अख्खं फोल्डर डिलीट केलं. बाईनं हंबरडा फोडला.

तो आला. रागावला नाही. "भाऊ, पयले बूट काढ." मी काढले. मग शांतपणे बसून त्यानं फाइलींच्या जुन्या आवृत्त्या उघडल्या. "मिटवलेलं बी राखूनच ठेवतो मी. मले मालूम होतं, एक दिवस तू इथं बसशीन."

एकेक करत सगळं लग्न परत आलं. फेटेवाले, हसरे वडीलही आले. "हेच! हेच माहे बाबा!" बाई पडद्याला हात लावून ओरडली आणि त्याच्या पाया पडायला वाकली.

तेव्हा माझं लक्ष गेलं. त्याच्या पायात चप्पल होती.

मी त्याला अजून सांगितलेलं नाही.