अर्ध्या वाटेवरची धाव

शिंदे सरांचं ऋण सर्वांत मोठं. आठवीत असताना शाळेतल्या क्रिकेट सामन्यांचा धावफलक लिहायला त्यांनीच मला बसवलं.

आज मोबाइलवर बेसबॉलचा निकाल दिसला आणि २०१७ मध्ये आयर्लंडमधल्या ॲथलोन गावी, खेळांची आकडेवारी ठेवणाऱ्या कंपनीत दिलेली नोकरीची मुलाखत आठवली. व्हिसा संपत आला होता. ती शेवटची आशा होती. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी बेसबॉल सामन्याच्या आकड्यांचा, प्रिंटरमधून निघालेला गरम कागद पुढे केला.

“यांनी जास्त फटके मारले, तरी हरले. का?”

मला बेसबॉल कळत नव्हतं. मी आकड्यांवरून बोट फिरवू लागलो. तेवढ्यात सरांचा आवाज आठवला, “गाढवा, फटका काय बघतोस? धाव पूर्ण झाली का बघ!”

बघितलं. हरलेल्यांचे बरेचसे खेळाडू धाव पूर्ण न करता अर्ध्या वाटेवरच अडकले होते. तसं सांगितलं.

“ग्रँड!” तिकडच्या बोलीत ‘छान’ म्हणत बाई हसल्या. “सोमवारी ये.”

उत्तर माझ्याकडे आठवीपासूनच होतं, हे तेव्हा कळलं. त्याच संध्याकाळी मी सरांना पत्र टाकलं: “सर, नोकरी लागली. तुमच्या गाढवाची धाव पूर्ण झाली.”