सम्राट क्रोधांक, विजय नगर

नाना पांढरीपांडे कोणाच्याही घरी जमिनीवर बसत नसत. सत्यनारायण असो, बारसं असो, मंडळाच्या गणपतीची पंगत असो, नाना उभे. कोणी आग्रह केला की छाती पुढे काढून सांगायचे, "पांढरीपांडे खाली बसत नसतात. खुर्ची असेल तर आण, नाही तर मी उभाच बरा." सगळे मांडी घालून वडा-भात खात आहेत आणि हा सहा फुटी माणूस भिंतीला टेकून, हातात ताट घेऊन, खालच्या टकलांकडे बघत जेवतो आहे, हे दृश्य जबलपूरच्या विजय नगरातल्या प्रत्येक मराठी घराने पाहिलेलं आहे. माझी बायको म्हणायची, "हे जेवायला येतात की सलामी घ्यायला?"

आवाज त्या उंचीला शोभेल असा. संरक्षण खात्याच्या कारखान्यात ते फोरमन होते. कारखान्याचा भोंगा बिघडला की नानांना गेटवर उभं करून "चला रे" म्हणायला लावत, हे मी स्वतः ऐकलेलं नाही, पण स्वतः पसरवलेलं आहे. निवृत्त झाले, काकू गेल्या, एकुलता एक मुलगा शिरीष पुण्याला नोकरीत रमला, तरी आवाज काही उतरला नाही. सकाळी ते दूधवाल्याला हाक मारत तेव्हा पाच वेगवेगळे दूधवाले येऊन फाटकाशी उभे राहत.

या आवाजानेच त्यांना गादीवर बसवलं. मंडळाच्या नाटकात माइक बंद पडला आणि नाना प्रेक्षकांतून ओरडले, "काहून बे, वायर विकून खाल्ली काय?" सभागृहात दुबे नावाचा एक तरुण दिग्दर्शक बसला होता. तो एका हिंदी चॅनलसाठी अंतराळातली मालिका काढत होता, 'महाशून्य का सिंहासन', आणि तिच्यातल्या दुष्ट सम्राटासाठी माणूस शोधत होता. तो तिथल्या तिथे नानांच्या पाया पडला. म्हणाला, "अंकल जी, आप ही सम्राट क्रोधांक हो." नाना म्हणाले, "ते मला माहीत आहे. तुला आज कळलं."

ज्यांनी ती मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. सम्राटाचा महाल म्हणजे रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद पडलेल्या नमकीनच्या कारखान्याची शेड. भिंतींना चांदीचा कागद, सिंहासन थर्माकोलचं, आणि सगळ्या ब्रह्मांडाला शेवेचा वास. परका ग्रह म्हणून नर्मदेकाठचे भेडाघाटचे संगमरवरी कडे. त्या ग्रहाच्या क्षितिजावर नीट पाहिलंत तर एक भुट्टेवाला दिसतो. नानांच्या मुकुटात स्कूटरचे इंडिकेटर बसवले होते आणि त्यांची बॅटरी पाठीला बांधलेली. ती तापली की सम्राट जास्त क्रोधी व्हायचे, आणि दुबे खूश. नानांनी हट्ट धरून मलाही आत घेतलं. मी सम्राटाच्या अंगरक्षकांचा प्रमुख. कचेरीतून रजा टाकायची, डोक्यावर कुकरसारखं काहीतरी घालायचं, हातात प्लास्टिकच्या पाइपचा भाला धरायचा आणि हलायचं नाही.

मालिका लागली आणि विजय नगरावर क्रोधांकाचं राज्य आलं. किराणावाला नानांना "महाराज" म्हणू लागला. पोरं त्यांना बघून सलाम ठोकायची. नानाही कमी नव्हते. बँकेत कोणी टोकन घ्या म्हटलं तर उत्तर यायचं, "सम्राट रांगेत लागत नसतो, रांग सम्राटाला लागते." आणि खरं सांगतो, एकदा बँकेतली सगळी रांग त्यांच्या मागे येऊन उभी राहिली, मॅनेजरसकट. सेटवर त्यांना छत्री, पंखा, आणि चहा आता घेणार की नंतर, असं विचारायला स्वतंत्र माणूस. "गजू," ते मला म्हणाले, "तुझी काकू गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं."

दर रविवारी शिरीषचा फोन यायचा. "बाबा, आता पुरे. पुण्याला या." नाना फोन दूर धरून गरजायचे, "आणि साम्राज्य कोणाला सोपवू?"

साम्राज्याला धोका मात्र आतूनच होता. मालिकेतला बंडखोर नायक होता बंटी नावाचा एक जिममधला पोरगा. दंड असे की हात कधी अंगाला टेकायचे नाहीत. अभिनय मात्र सगळा दंडातच राहिला होता. त्याचे संवाद चुकले की नाना सगळ्यांसमोर ठणकवायचे, "बेटा, ग्रह जिंकायचा नंतर बघ. आधी एक वाक्य जिंक." सेट हसायचा. बंटी हसायचा नाही. आणि मालिकेला पैसा लावणारा बिल्डर त्याचा सख्खा मामा होता.

एके दिवशी दुबे मान खाली घालून आला. गोष्ट बदलली होती. शेवटच्या भागात क्रोधांक हरतो, भर दरबारात विद्रोह्यापुढे गुडघे टेकतो, आणि मग शाप देत उठून निघून जातो. पुढच्या पर्वात सूड घ्यायला परत येतो.

"नाही," नाना म्हणाले.

"अंकल जी, समझिए..."

"पांढरीपांडे गुडघे टेकत नसतात. तुझ्या बिल्डरला सांग, पाहिजे तर ग्रह उडवून टाक, मी ग्रहासोबत उडतो. पण टेकणार नाही." मुकुटातले इंडिकेटर असे लुकलुकले की मला वाटलं सम्राट आता उजवीकडे वळणार. सगळ्या शेडने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. काय तो अभिमान, असं वाटलं.

दुपारी त्यांना स्कूटरवरून घरी सोडलं. ते म्हणाले, आत ये. दार लावून घेतलं आणि मला झोपायच्या खोलीत नेलं. पलंगाच्या डोक्याशी खिडकीच्या गजाला एक जाड दोरी बांधलेली होती, टोकाला गाठ. "ही धरून उठतो मी सकाळी," नाना म्हणाले. "गुडघे गेले गजू. टेकता येतात. उठता येत नाही. मागच्या वर्षी देवापुढे बसलो, तर कामवाली येईपर्यंत तिथंच होतो."

मी दोरीकडे बघत राहिलो. म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्याला ताठा समजत होतो ते हे होतं. लोकांनी गर्विष्ठ म्हटलेलं त्यांना चालत होतं, म्हातारा म्हटलेलं चालत नव्हतं.

"मग डॉक्टर..."

"डॉक्टर म्हणजे शिरीषला कळणार. शिरीषला कळलं की पुढच्या गाडीने नेणार. राहून आलो मी तिथं महिनाभर. पोरगा चांगला आहे बे. सूनही चांगली आहे. बाथरूममध्ये धरायला दांडे लावले, मऊ चपला आणल्या. पण तोंड उघडलं की 'बाबा, हळू. खालचे तक्रार करतात. बाबा, हळू. मुलाचा क्लास चालू आहे.' महिनाभर मी कुजबुजून राहिलो होतो. इथं निदान ओरडता येतं." मग ते दरडावून म्हणाले, "कोणाला सांगशील तर मुंडकं उडवीन. हा हुकूम समज."

मी शपथ घेतली. पण बिल्डरनेही निरोप पाठवला होता: टेकत नसतील तर शेवटच्या भागाच्या पहिल्याच दृश्यात सम्राट विषाने मरेल आणि गादीवर त्याचा भाऊ बसेल. भावाच्या कामाला एक माणूस उभाही होता. दोन दिवस नाना फाटकाबाहेर आले नाहीत. दूधवाल्याला हाक नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. "टेकतो," म्हणाले. "सम्राट राहिलो तर इथं राहीन. शिरीषला सांगता येईल, काम आहे, पुढचं पर्व आहे. कट म्हटलं की तू मागून ये आणि बगलेत हात घालून उचल. उठायचा शॉट वेगळा घेऊ, उभ्यानेच. दुबेला कारण सांगितलं आहे, एका दमात घेतलं तर सम्राटाची लय तुटते."

तो दिवस मी वाढवून सांगणार नाही, आणि मी असं फार क्वचित म्हणतो. दरबार भरला होता. बंटीने संवाद म्हटला. नाना सिंहासनावरून उतरले, झगा सावरला आणि एक गुडघा, मग दुसरा, असे खाली गेले. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. मी मागे भाला धरून 'कट'ची वाट बघत होतो.

कट आलाच नाही. दुबेला ते दृश्य इतकं आवडलं होतं की तो कॅमेरा आणखी जवळ नेत होता. हातानेच खुणावत होता, चालू ठेवा. बंटीला तर रानच मोकळं मिळालं. तो पुढे आला, नानांच्या झग्यावर पाय ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "उठ, सम्राट. उठ के दिखा." हे कागदावर नव्हतं. त्या पोराचं आजवर बरोबर आलेलं वाक्य हे एवढंच असेल, आणि तेही पाठ न केलेलं.

नानांनी उठायचा प्रयत्न केला. मांडीवर हात रोवले. उठवेना. पुन्हा रोवले. मी एक पाऊल पुढे टाकलं, तेवढ्यात दातांमधून नानांचा आवाज आला, "हलू नको बे. चालू आहे." मग ते वळले आणि हातांवर रांगत सिंहासनाकडे निघाले. बंटीच्या पायाखाली अडकलेला झगा फाटला. त्यांनी सिंहासनाचा हात धरला आणि सगळं अंग त्याच्यावर टाकलं. थर्माकोल तो. कडकन तुटला. सम्राट क्रोधांक हातात सिंहासनाचा पांढरा तुकडा घेऊन तोंडावर पडले, आणि मग जो आवाज त्यांच्या तोंडून निघाला तो मी कधी ऐकलेला नव्हता. ओरडणं नव्हतं ते. नानांना ओरडताना मी रोज ऐकायचो.

मी भाला फेकला आणि धावलो. दुबेही धावला, पण तो रडत होता. "क्या परफॉर्मन्स दिया, अंकल जी!" सगळी शेड उभी राहून टाळ्या वाजवत होती. मी बगलेत हात घालून नानांना उभं केलं. ते धापा टाकत होते. टाळ्या थांबेनात तेव्हा त्यांनी मुकुट सारखा केला आणि हळूच मान झुकवली.

तो भाग लागला आणि जबलपूर रडलं. चहाच्या टपऱ्यांवर लोक मोबाइल एकमेकांपुढे धरत होते. क्रोधांकासारख्या राक्षसासाठी बायकांनी डोळे पुसले. किराणावाला म्हणाला, "पांडे जी, ऐसी एक्टिंग तो भगवान ही करा सकता है." चॅनलवाल्यांनी बिल्डरला बाजूला सारून सांगितलं, पुढच्या पर्वात हेच सम्राट पाहिजेत. बंटीच्या मामाने नानांना पेढे पाठवले. नाना पुन्हा फाटकाशी उभे, पुन्हा पाच दूधवाले. "बघितलंस?" ते मला म्हणाले. "जिंकलो. टेकून जिंकलो."

त्या रविवारी शिरीषचा फोन आला नाही. सोमवारी शिरीष आला.

मी तिथेच बसलो होतो. त्याने बॅग ठेवली, पाया पडला, आणि चहाही न घेता म्हणाला, "बाबा, जरा खाली बसता का? सतरंजीवर."

"पांढरीपांडे खाली..."

"बाबा."

"अरे, नाटक होतं ते! सारा गाव वेडा झाला नाटक बघून. विचार या गजूला. गजू, सांग ना याला!"

शिरीष माझ्याकडे बघतच नव्हता. "आई गेली तेव्हा तुमचा चेहरा त्या सीनमधल्यासारखाच झाला होता," तो म्हणाला. "बाकीच्यांनी पाहिला नव्हता. मी पाहिला होता. तो तुम्हाला नाटकात आणता येत नाही, बाबा. ऑफिसमध्ये सगळे माझ्या खुर्चीभोवती जमून बघत होते, टाळ्या वाजवत होते. मी उठून बाहेर गेलो."

नाना खुर्चीत बसले होते. उत्तर द्यायला त्यांनी मोठा श्वास घेतला, नेहमीसारखा, गरजण्याआधीचा. तो तसाच सोडून दिला. मी वाट बघत होतो की आता तरी काहीतरी म्हणतील, मुंडकं उडवीन म्हणतील. शिरीष उठून आतल्या खोलीत गेला. मग गजाची दोरी सोडल्याचा आवाज आला. गाठ पक्की होती, त्याला बराच वेळ लागला.

आठवडाभरात घराला कुलूप लागलं. दुबे येऊन रडून गेला. पुढच्या पर्वात क्रोधांकाचा भाऊ गादीवर आला. त्याचे गुडघे उत्तम आहेत, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही.

मी स्टेशनवर सोडायला गेलो होतो. शिरीषने व्हीलचेअर सांगून ठेवली होती. मला वाटलं आता तरी फलाट हादरेल. नाना तिच्यात बसले. पाय नीट ठेवा म्हटलं तर पाय नीट ठेवले. तेवढ्यात कॉलेजच्या पोरांचा एक घोळका ओळखून धावत आला. "अरे, सम्राट! सर, वो घुटनों वाला सीन! एक बार, प्लीज! वीडियो बनाना है!" मोबाइल वर झाले.

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. "बेटा," ते म्हणाले, "वो एक्टिंग नहीं थी. मुझसे सच में उठा नहीं जा रहा था."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकाने शिट्टी मारली. "क्या बात है! सर अभी भी कैरेक्टर में हैं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघे पाया पडले, बाकीच्यांनी व्हीलचेअरच्या बाजूला वाकून फोटो काढून घेतले. नानांनी प्रत्येक फोटोसाठी मान ताठ केली.

शिरीष पाठ करून उभा होता, गाडी ज्या बाजूने येणार होती तिकडे तोंड करून. गाडीला अजून वेळ होता.