अशरफभाईंनी गोरं केलेलं आकाश

आमच्या ह्यांना फोटोग्राफर म्हणाल तर मला हसू येईल. लग्नाच्या फोटोत नवरदेवाचं मुंडकं उडवणारा माणूस! पण एक्क्याण्णव साली ह्याच पुंडलिकरावांनी आखातात, मंगफच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून पहाटेच्या आकाशाचे ढीगभर फोटो काढले, आणि तेही माझ्यामुळे.

युद्ध पेटलं तेव्हा आम्ही तिघं तिथलं घर तसंच टाकून नाशिकला पळून आलो होतो. आता युद्ध संपलं होतं, तेलविहिरी जळत होत्या, आणि ह्यांना शुऐबातल्या जुन्या कारखान्यातून दुरुस्तीसाठी परत बोलावणं आलं. हे गेले. मी मात्र नाशिकलाच ठाण मांडून बसले. सलोनीला दमा. पाच वर्षांची पोर त्या धुरात न्यायला मी काय वेडी आहे? फोनवर ठणकावून सांगितलं, "आकाश निळं झाल्याचा फोटो पाठवा, मग बघू."

दुसऱ्या कुणी हसण्यावारी नेलं असतं. हे कंपनीची बस यायच्या आधी कॅमेरा घेऊन गच्चीवर हजर! इमारतीच्या राखणदाराला वाटलं, हा बाबा बायकांच्या खिडक्या टिपतोय. आकाशाचे फोटो काढतोय हे त्याला पटेचना. पटणार कसं? वर नुसता काळा धूर.

रोल धुवायला फहाहीलला अशरफभाईंच्या स्टुडिओत जायचा. रत्नागिरीचा माणूस, मनाने लोणी. पासपोर्टच्या फोटोत प्रत्येकाला जरा गोरं केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आमची कहाणी कळल्यावर त्यांनी आकाशही गोरं करून टाकलं! छान उजळ, निळसर.

"पाठवून द्या बिनधास्त," ते ह्यांना म्हणाले. "वहिनी पुढच्या विमानाने येतील."

ह्यांना मोह झाला नसेल? घरात एकटे, रोज डाळ आणि तिथली ती बेकरीची रोटी, खुबूस. लुटालुटीतून वाचलेली सलोनीची तीनचाकी दाराशी होती, तिला हे दर शुक्रवारी तेल घालायचे. तरी फोटो परत केले. "जसं आहे तसं छापा," म्हणाले. अशरफभाई चांगलेच रुसले. हे सगळं मला पुढे त्यांनीच सांगितलं.

मला तेव्हा काय ठाऊक! पाकिटातून काळंकुट्ट आकाश निघालं, मागे लिहिलेलं, 'इतक्यात येऊ नका.' असा संताप आला म्हणून सांगू! म्हटलं, ह्यांना आमच्याशिवाय बरंच करमतंय की. दोन फोन घेतलेच नाहीत.

विहिरी विझल्या. थंडीत एक फोटो आला, साधा, निळा, कोपऱ्यात ह्यांचं बोट. मागे एवढंच, 'आता या.' मी मुकाट्याने बॅगा भरल्या. व्हिसाने रखडवलं तेवढंच.

पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे हे आम्हाला गच्चीवर घेऊन गेले. सलोनी जिने धावतच चढली. वर आकाश असं लख्ख, की मी म्हटलं, आता हे मिरवणार. पण ह्यांनी मान वर केलीच नाही. पोरीला मांडीवर ओढलं, तिच्या छातीला कान लावला आणि उन्हं येईपर्यंत तसेच बसून राहिले.